जोखमीचे वाटेकरी

शेअर विकायला काढले आणि लोकांनी घेतलेच नाहीत, तर? कारखान्याची जागा ठरलेली, यंत्रांची मागणी नोंदवलेली आणि तिजोरीत जमा मात्र निम्मीच. नव्या कंपनीच्या पोटात पहिला गोळा उठतो तो या विचाराने. ही धास्ती एकट्या प्रवर्तकाच्या उरावर न ठेवता अनेकांत वाटून घेण्याची व्यवस्था स्वतंत्र भारतात साधारण १९४८ ते १९६४ या काळात उभी राहिली. तिच्या घडणीत ज्यांच्या सहीला वजन होते, त्यांतली एक सही महाड तालुक्यातल्या माणसाची होती.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. तेव्हा हा सारा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळाले १९८१मध्ये. १९१२च्या मॅट्रिकला पहिले आलेले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले देशमुख केंब्रिजला गेले, १९१८च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५०मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२मध्ये कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारे अर्थमंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. नव्या शेअरांच्या हमीचा, म्हणजे न खपलेले शेअर आपण घेऊ या लेखी आश्वासनाचा, इतिहास त्यांच्या कारकिर्दीशी किती घट्ट बांधलेला आहे, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

देशप्रेमावर उभे राहिलेले भांडवल

जोखीम वाटून घेणे ही समुद्रावरच्या व्यापाराची जुनी रीत. बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने वर चढणारी गलबते दासगाव, महाडपर्यंत माल आणत, तेव्हा एका व्यापाऱ्याने सगळा माल एकाच गलबतात भरणे म्हणजे वादळाला आमंत्रण. लंडनमध्ये १७व्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात याच शहाणपणाला कागदाचे रूप आले. जहाजाची आणि मालाची माहिती कागदावर वर लिहिलेली असे. खाली एकेक व्यापारी आपले नाव आणि बुडाल्यास आपण किती रक्कम सोसू तो आकडा लिही. पुढे हीच रीत शेअरांच्या विक्रीत आली. १९०१मध्ये अमेरिकेत यूएस स्टील ही अजस्र कंपनी जे. पी. मॉर्गन यांनी उभी केली, तेव्हा त्यांनी जमवलेल्या सिंडिकेटने २० कोटी डॉलरची हमी वाटून घेतली होती.

मुंबईत मात्र अशी घडी बसलेली नव्हती. १८६५ची शेअरबाजाराची पडझड शहराच्या आठवणीत ताजी होती. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले आणि त्या धक्क्यातून न सावरलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये बंद करावी लागली. १८७५मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली, बाजाराला शिस्त आली. पण नव्या कंपनीचे शेअर खपले नाहीत तर ते आम्ही घेऊ, असे आधीच लिहून देणाऱ्या बळकट संस्था नव्हत्या.

१९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची कसोटी लागली ती इथेच. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना. मग कंपनीने मुंबईकडे मोर्चा वळवला. २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपयांचे भांडवल उभे करायचे होते. स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. टाटांच्या मुंबईतल्या कचेरीला सकाळपासून रात्रीपर्यंत अर्जदारांनी वेढा घातला आणि सुमारे ८ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत सगळे भांडवल भरून टाकले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांची कर्जरोखे-मालिका काढली, ती सगळीच्या सगळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली.

अभिमानाने सांगावी अशीच ही हकीकत आहे. पण ती पुन्हा घडवून आणता येत नव्हती. देशभर लाट असेल तेव्हाच भांडवल मिळणार, किंवा एखादे महाराज पाठीशी असतील तेव्हाच कर्जरोखे खपणार, अशा भरवशावर देशात शेकडो कारखाने निघत नाहीत.

मधली पोकळी भरली मॅनेजिंग एजंटांनी. कंपनीचा कारभार पाहणारी पेढीच शेअर विके. न खपलेले शेअर ती स्वतः ठेवी किंवा आप्त-मित्रांच्या, ओळखीच्या शेठजींच्या गळ्यात घाली. मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्यांत तर लोकांच्या ठेवीही पेढीच्याच नावावर येत. पेढीचे नाव मोठे असेल तर सगळे सुरळीत. नावच छोटे असेल तर चांगल्या धंद्यालाही भांडवल मिळत नसे. शिवाय शेअर विकणारा, न खपलेले घेणारा आणि कंपनी चालवणारा एकच. त्याच्या अंदाजावर दुसऱ्या कुणाची नजर नसे.

ब्रेटन वुड्सचे दोन सहप्रवासी

जुलै १९४४मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे युद्धोत्तर जगाची अर्थव्यवस्था ठरवणारी परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर देशमुख होते आणि मुंबईचे अर्देशीर दाराबशा श्रॉफही होते. श्रॉफ टाटांच्या वर्तुळातले, त्याच वर्षी गाजलेल्या ‘बॉम्बे प्लॅन’ या उद्योगपतींच्या आर्थिक आराखड्याच्या कर्त्यांपैकी एक. शेअर दलालीच्या व्यवसायात त्यांची अनेक वर्षे गेली होती. देशमुखांचा विश्वास नियोजनावर, श्रॉफांचा खाजगी उद्योगावर. पण उद्योगांच्या भांडवलाची अडचण दोघांना सारखीच दिसत होती.

१ जुलै १९४८ला इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, तेव्हा देशमुख गव्हर्नर होते. कर्ज देण्याबरोबर नव्या शेअरांची हमी घेण्याचा अधिकार कायद्याने या संस्थेला दिला. हमीपोटी अंगावर आलेले शेअर सात वर्षांच्या आत विकून टाकावेत, अशी अटही घातली. अट मार्मिक होती. हमी घेणाऱ्याने कंपनीचा कायमचा मालक होऊन बसू नये. बाजाराला उसंत हवी तेवढा काळ भार पेलावा आणि मग तो लोकांकडे सोपवावा. पहिली काही वर्षे ही संस्था मुख्यतः कर्जेच देत राहिली. अधिकार कागदावर होता, हात मात्र धजावत नव्हता.

१९५३मध्ये रिझर्व्ह बँकेने खाजगी क्षेत्राच्या वित्तपुरवठ्यावर समिती नेमली. अध्यक्ष श्रॉफ, आणि दिल्लीत अर्थखाते देशमुखांकडे. १९५४च्या अहवालात समितीने सांगितलेला उपाय आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. प्रमुख बँका आणि विमा कंपन्यांनी एकत्र येऊन नव्या शेअर-कर्जरोख्यांची हमी सामाईकपणे घ्यावी, असे तिने सुचवले. एका बँकेला जे ओझे झेपणार नाही ते दहाजणींत सहज वाटले जाईल. लहान बचतदारांसाठी युनिट ट्रस्ट काढावेत, अशीही शिफारस त्या अहवालात होती.

याच वर्षी जागतिक बँकेच्या वतीने जॉर्ज वुड्स भारतात आले. फर्स्ट बोस्टन कॉर्पोरेशन या अमेरिकी पेढीचे ते प्रमुख, म्हणजे हमीच्या व्यवसायात मुरलेला माणूस. खाजगी उद्योगांना पैसा पुरवणारी, पण सरकारी नसलेली संस्था भारतात कशी काढता येईल, हे पाहायला ते आले होते. त्यातून ५ जानेवारी १९५५ला मुंबईत आयसीआयसीआयची नोंदणी झाली. अध्यक्ष होते सर ए. रामस्वामी मुदलियार.

या संस्थेचे स्वतःचे ५ कोटींचे भांडवल कसे जमले, ते पाहण्यासारखे आहे. भारतीय बँका, विमा कंपन्या आणि त्यांच्याशी संबंधित मंडळींनी २ कोटी घातले, दीड कोटीचे शेअर जनतेला दिले, ब्रिटिश संस्थांनी १ कोटी आणि अमेरिकी गुंतवणूकदारांनी ५० लाख घातले. देशमुखांच्या अर्थखात्याने साडेसात कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले, जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. इतरांची जोखीम वाटून घेण्यासाठी काढलेली संस्था स्वतःच वाटून घेतलेल्या जोखमीवर उभी होती. पुढच्याच वर्षी मुंबईच्या शेअर दलालीच्या पेढीत घडलेले एच. टी. पारेख तिथे आले. बाजाराची नाडी जाणणाऱ्या माणसांची या कामाला फार गरज होती.

हमीचा हिशेब

या व्यवहाराचे खरे मर्म कळते ते आकडेमोडीत. एक कल्पित उदाहरण घेऊ. कंपनीने १० रुपयांचे १ लाख शेअर, म्हणजे १० लाख रुपयांचा इश्यू काढला. तीन हमीदारांनी, म्हणजे अंडररायटरांनी, तो वाटून घेतला: पहिल्याने ५० हजार शेअर, दुसऱ्याने ३० हजार, तिसऱ्याने २० हजार.

मग अर्जाचे फॉर्म सुटतात. प्रत्येक हमीदार आपल्या वाट्याच्या फॉर्मवर स्वतःचा शिक्का मारतो आणि ते आपल्या गिऱ्हाइकांत, उपदलालांत वाटतो. मुदत संपली की बँकेतून आलेल्या अर्जांचे गठ्ठे सोडून शिक्क्यांप्रमाणे ढीग लावायचे. पहिल्याच्या शिक्क्याचे अर्ज आले ३० हजार शेअरांचे, दुसऱ्याच्या २४ हजारांचे, तिसऱ्याच्या अवघे ६ हजारांचे. आणखी २० हजार शेअरांच्या अर्जांवर कुणाचाच शिक्का नाही. ते कंपनीच्या नावावर आपणहून आले. एकूण ८० हजार. २० हजार शेअर उरले. ते कुणी घ्यायचे?

बिनशिक्क्याच्या अर्जांचे श्रेय मूळ हमीच्या प्रमाणात वाटायचे: पहिल्याला १० हजार, दुसऱ्याला ६ हजार, तिसऱ्याला ४ हजार. आता वजाबाकी. पहिल्याचे ५० हजारांतून ३० आणि १० हजार गेले, १० हजार अंगावर आले. दुसऱ्याचे ३० हजारांतून २४ आणि ६ हजार गेले, तो सुटला. तिसऱ्याचे २० हजारांतून ६ आणि ४ हजार गेले, १० हजार अंगावर आले. निम्म्या इश्यूची हमी घेणारा आणि पाचव्या हिश्श्याची घेणारा, दोघांच्या अंगावर एक-एक लाखाचे शेअर पडले, कारण तिसऱ्याने आपल्या शिक्क्याचे फॉर्म फारसे खपवलेच नव्हते. हमीबद्दल अडीच टक्के कमिशन ठरलेले असेल तर तिसऱ्याला मिळाले ५ हजार रुपये आणि त्याला घालावे लागले १ लाख. ज्याने लोकांपर्यंत जाऊन शेअर खपवले त्याचे पैसे मोकळे राहतात. नुसते नाव देणाऱ्याचे अडकतात. हिशेबाच्या या एका नियमात कष्ट आणि न्याय दोन्ही बांधलेले आहेत.

हुशार हमीदार आपल्या वाट्यातलाही भाग पुढे उपहमीदारांना देई आणि कमिशनचा हिस्सा सोडी. म्हणजे मुंबईतल्या एका पेढीची सही पुढे अनेक छोट्या पेढ्यांत पसरे. मात्र उपहमीदाराने हात वर केले तरी कंपनीपुढे उत्तर द्यावे लागे ते मूळ हमीदाराला.

देशमुख अर्थमंत्री असताना संसदेने कंपनी कायदा मंजूर केला. १८ जानेवारी १९५६ला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, १ एप्रिलपासून तो लागू झाला. ठरलेले किमान भांडवल १२० दिवसांत जमले नाही तर अर्जदारांचे पैसे परत करावेत, असे त्यात होते. त्यामुळे हमीला जीवनमरणाचे मोल आले. हमीच्या कमिशनवर शेअरसाठी ५ टक्के आणि कर्जरोख्यांसाठी अडीच टक्के ही कमाल मर्यादा घातली. हमीदारांची नावे इश्यूच्या माहितीपत्रकात, म्हणजे प्रॉस्पेक्टसमध्ये, छापायची आणि त्यांची ऐपत ही जबाबदारी निभावण्याइतकी आहे, असे आपले मत संचालकांनी लेखी द्यायचे. नाममात्र हमीला चाप लागला.

एका रात्रीत एकच खांदा

कंपनी कायद्याला संमती मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारी १९५६ला, देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकमाची तयारी अत्यंत गुप्तपणे झाली होती. गेल्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या बुडाल्या आणि आणखी २५ कंपन्यांनी आपला निधी इतका उधळला की त्या दुसऱ्यांत विलीन कराव्या लागल्या, हे कारण त्यांनी दिले. विमेदारांचे संरक्षण ही त्यांची कळकळ खरी होती. १ सप्टेंबरला २४५ विमासंस्थांचा कारभार एका आयुर्विमा महामंडळात आला.

महाडच्या खाडीपट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, कचेऱ्यांत गेलेल्या चाकरमान्याने पगारातून पॉलिसीचा हप्ता भरला, की तो आता या एकाच तिजोरीत जाऊ लागला. त्या तिजोरीतून नव्या शेअरांची हमी दिली जाऊ लागली आणि महामंडळ देशातल्या मोठ्या हमीदारांपैकी एक झाले. महाडच्या माणसाने शेअरबाजाराची पायरी चढली नसेल, पण नव्या कारखान्यांच्या जोखमीचा तो वाटेकरी झाला होता.

श्रॉफ समितीच्या योजनेला मात्र यात धक्का बसला. अनेक विमा कंपन्या म्हणजे अनेक तिजोऱ्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक स्वतंत्र डोकी. एखादा इश्यू एकीला पसंत नाही, दुसरीला आहे. एक नाकारते तेव्हा दुसरी पुन्हा विचार करते. आता आयुर्विम्याच्या पैशापुरता निर्णय एका जागी आला. श्रॉफ राष्ट्रीयीकरणाचे कडवे विरोधक, आणि १९५६मध्येच त्यांनी खाजगी उद्योगाची बाजू मांडणारा ‘फोरम ऑफ फ्री एन्टरप्राइज’ काढला.

जुलै १९५६मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्धचा हा राजीनामा होता. मुंबईत भांडवल आहे म्हणून ती वेगळी असावी, हा युक्तिवाद त्या काळात जोरात होता. त्या भांडवलामागे कोकणातल्या माणसाचे घाम आणि बचत दोन्ही होते, हे विसरून तो केला जात होता.

त्यानंतर वर्षभरातच विम्याच्या पैशाचा निर्णय एका जागी येण्यातला धोका दिसला. जून १९५७मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले, तेही आपल्या गुंतवणूक समितीचा सल्ला न घेता. १६ डिसेंबर १९५७ला फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण धसास लावले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले. हा नव्या शेअरांच्या हमीचा व्यवहार नव्हता, सरळ खरेदी होती. पण धडा हमीलाही तंतोतंत लागू पडतो. विमेदारांचे लाखो हप्ते एकत्र आले म्हणून जोखीम वाटली गेली, असे म्हणता येत नाही. पैसा लाखोंचा, पण तो कुठे घालायचा हे ठरवणारे दोन-चारच असतील, तर चूक त्या दोन-चारांची होते आणि भुर्दंड लाखोंना बसतो.

पुन्हा अनेक हात

पुढची काही वर्षे व्यवस्था पुन्हा रुंदावत गेली. १ फेब्रुवारी १९६४ला युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाला आणि १० रुपयांचे युनिट घेऊन लहान बचतदार त्यात आले. श्रॉफ समितीची दहा वर्षांपूर्वीची सूचना प्रत्यक्षात उतरली. १ जुलै १९६४ला औद्योगिक विकास बँक आली. आता एकेका इश्यूमागे आयुर्विमा महामंडळ, युनिट ट्रस्ट, आयसीआयसीआय, विकास बँक आणि दलालांच्या पेढ्या अशी रांग उभी राही. प्रत्येकाची स्वतंत्र छाननी, स्वतंत्र आकडा. पुरती खाजगी नाही, पुरती सरकारी नाही, अशी ही घडण देशमुख आणि श्रॉफ या दोन्ही दृष्टींच्या रेट्यातून आकाराला आली. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७०मध्ये कायद्याने संपली, तेव्हा तिची जागा घ्यायला संस्था तयार होत्या.

१९९२मध्ये भांडवल नियंत्रणाचा कायदा रद्द झाला, बाजाराची सूत्रे सेबी या नियामक संस्थेकडे आली आणि त्यानंतर लवकरच मुख्य बाजारातल्या इश्यूंना हमीची सक्ती उरली नाही. नव्या शेअरांच्या अशा इश्यूला किमान ९० टक्के प्रतिसाद न आल्यास पैसे परत करावे लागतात. छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी मात्र वेगळा नियम आहे: त्यांच्या इश्यूची हमी पूर्ण १०० टक्के असावी लागते आणि इश्यूचा कारभार पाहणाऱ्या मर्चंट बँकरने त्यातला किमान १५ टक्के भार स्वतःच्या खात्यावर उचलावा लागतो. लोकांना शेअर घ्या म्हणणाऱ्याचे स्वतःचे पैसेही पणाला लागलेले असावेत, हे शिक्क्यांच्या ढिगाऱ्यातले जुने शहाणपण या नियमात जिवंत आहे.

आज महाडमध्ये बसलेला तरुण मोबाइलवरून छोट्या कंपनीच्या इश्यूला अर्ज करतो. त्याने प्रॉस्पेक्टसमधले हमीचे पान आवर्जून वाचावे. हमी किती जणांनी घेतली, प्रत्येकाचा वाटा किती आणि व्यवस्थापकाने स्वतःच्या खात्यावर सक्तीच्या १५ टक्क्यांहून अधिक भार घेतला आहे का, हे तिथे लिहिलेले असते. ज्यांनी आधी कंपनीची छाननी केली त्यांना तिच्यावर स्वतःचे किती पैसे लावावेसे वाटले, ते या आकड्यांवरून कळते. नाते गावच्या अर्थमंत्र्याच्या काळात हे पान कायद्याने छापायला लावले, ते सामान्य बचतदाराने वाचावे म्हणूनच.